पहिल्या वाचनाची पुस्तके : बऱ्हाणपुरातील मराठी मुलांच्या निमित्ताने

तापीच्या उत्तर तीरावर वसलेल्या बऱ्हाणपूर शहरात पहिलीच्या वर्गात बसणारे मूल घरून कोणती भाषा घेऊन येते, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देणे शक्य नाही. मेळघाटाला लागून असलेल्या डोंगराळ भागातून कोरकू येते, उत्तरेकडील गावांतून निमाडी, विणकरांच्या मोहल्ल्यांतून उर्दू, व्यापारी घरांतून गुजराती, आणि शाहपूर-इच्छापूरच्या बाजूस पसरलेल्या केळीच्या पट्ट्यातून, तसेच शहरातील जुन्या वस्त्यांतून, मराठी आणि तिची खानदेशी रूपे येतात. या सर्वांवर शाळेची आणि कचेरीची भाषा म्हणून हिंदीचा अंमल असतो. ज्या शहरातील फारुकी सुलतानांच्या जामा मशिदीत अरबी लेखांसोबत संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे, त्या शहराला अनेक भाषांचे आणि लिप्यांचे सान्निध्य नवे नाही. परंतु मोठ्या माणसाला जे सान्निध्य वैभव वाटते तेच सहा वर्षांच्या मुलाला, त्याच्या हाती पडणारे पुस्तक विचारपूर्वक निवडलेले नसल्यास, ओझे होऊन बसते. घर मराठी आणि शाळा हिंदी अशा मुलासाठी चित्रपुस्तके आणि आरंभीची वाचनपुस्तके कशी निवडावीत, याचा सलग आढावा घेण्याचा येथे उद्देश आहे.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण निवडीतील बहुतेक घोटाळा तो न ओळखल्यामुळे होतो. ‘मुलांची पुस्तके’ या एकाच सदराखाली दुकानदार, शाळा आणि पालक ज्या पुस्तकांचा गठ्ठा बांधतात, त्यात वस्तुतः दोन भिन्न जातींची पुस्तके असतात. चित्रपुस्तक हे मुलाला मांडीवर किंवा शेजारी घेऊन वाचून दाखविण्याचे पुस्तक आहे. त्यातील भाषा मुलाच्या वाचनशक्तीच्या पुष्कळ पुढे असू शकते, किंबहुना असावीच, कारण तेथे कान आणि डोळे काम करतात आणि अक्षरांचा भार मोठ्या माणसाने उचललेला असतो. आरंभीचे वाचनपुस्तक हे मात्र मुलाने स्वतः, बोट ठेवून, आपल्याच बळावर वाचायचे पुस्तक असल्यामुळे त्यात शब्द थोडे, वाक्ये आखूड आणि अक्षरांची गुंतागुंत बेताची असणे अपरिहार्य आहे. पहिल्या जातीच्या पुस्तकाला दुसऱ्या जातीची मोजपट्टी लावली की ‘यात जोडाक्षरे फार’ म्हणून उत्तम चित्रपुस्तक नापसंत होते. आणि दुसऱ्याला पहिल्याची लावली की ‘यात गोष्टच नाही’ म्हणून उपयोगी वाचनपुस्तक बाजूला पडते. गॉफ आणि टन्मर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली जे सूत्र मांडले, त्याचे सार असे की वाचून समजणे हा अक्षर फोडण्याची शक्ती आणि ऐकून समजण्याची शक्ती यांचा गुणाकार आहे. बेरीज असती तर एकीची उणीव दुसरीने भरून काढता आली असती. गुणाकारात एक शून्य झाली की सर्वच शून्य होते. पहिली शक्ती वाचनपुस्तकाने वाढते आणि दुसरी चित्रपुस्तकाने, हे एकदा ध्यानी घेतले म्हणजे बऱ्हाणपुरातील मराठी मुलाच्या बाबतीत तजवीज कशी करावी हेही स्पष्ट होऊ लागते: चित्रपुस्तके घरच्या भाषेत, म्हणजे मराठीत, असावीत, आणि पहिली वाचनपुस्तके शाळेच्या भाषेत, म्हणजे हिंदीत, असण्यास हरकत नाही. या दोहोंचा लिपीबंध एकच आहे, हे या मुलाचे मोठे भाग्य होय.

मराठीत मुलांसाठी पुस्तके छापण्याचा प्रारंभ महाराष्ट्राबाहेर झाला, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. तंजावरच्या सर्फोजीराजांच्या आश्रयाने सख्खण पंडितांनी इसापाच्या कथांचा केलेला ‘बालबोध मुक्तावली’ हा अनुवाद १८०६ साली तेथे छापला गेला. पुढे १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही पुस्तके मुंबई इलाख्यात निघाली, मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके तयार झाली, १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ मासिक सुरू करून ते आयुष्याच्या अखेरपर्यंत निष्ठेने चालविले, आणि १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ मासिकाचा पाया घातला. या सर्वांची योग्यता निर्विवाद आहे. परंतु या परंपरेत शब्दाला राजमान्यता आणि चित्राला केवळ आश्रिताचे स्थान होते, आणि गोष्टीच्या शेवटी बोध सांगितल्याखेरीज लेखकाला आपले कर्तव्य पुरे झालेसे वाटत नसे. त्या बोधाचा शिरस्ता आजही मोडलेला नाही. शाळेसाठी पुस्तके घेणारे अनेक सद्‌हेतू गृहस्थ शेवटचे पान आधी उघडतात आणि तेथे उपदेश सापडला की पुस्तक पसंत करतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला गोष्टीतून जे मिळायचे ते गोष्ट घडत असतानाच मिळते. शेवटी जोडलेले वाक्य त्याच्या कानावरून जाते, आणि तेवढ्यासाठी रचलेली गोष्ट बहुधा निर्जीव असते.

वाचनमालांच्या बाबतीत आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने मोठा पालट घडविला, मुलांच्या बोलण्यातील मराठी पाठ्यपुस्तकात आणण्याचे श्रेय तिला दिले पाहिजे. १९६७ साली पुण्यास पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजेच बालभारती, स्थापन झाले आणि १९७१ साली त्याच संस्थेचे ‘किशोर’ मासिक निघाले. परंतु बऱ्हाणपूरच्या वाट्याला या समृद्धीचा ओघ सरकारी मार्गाने आला नाही. १९५६ पूर्वी ज्या मध्यप्रदेशात हे शहर होते त्याची राजधानी नागपूर होती, मराठी ही त्या राज्याच्या दोन राजभाषांपैकी एक होती, आणि नागपुराहून निघणारे ‘मुलांचे मासिक’ हे आपल्याच राज्यातील प्रकाशन होते. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, बऱ्हाणपूर मध्यप्रदेशातच राहिले, आणि त्यानंतर मराठी बालपुस्तक येथे येते ते भुसावळ-जळगावहून येणाऱ्या नातेवाइकाच्या पिशवीतून. २००३ साली खंडव्यापासून निराळा जिल्हा झाला, तरी या परिस्थितीत फरक पडलेला नाही. म्हणूनच येथील मराठी कुटुंबाला निवडीचा विचार अधिक काटेकोरपणे करावा लागतो. वर्षाकाठी जी थोडी पुस्तके घरात येणार, ती वाया गेलेली परवडत नाहीत.

आरंभीच्या वाचनपुस्तकांची खरी अडचण कोठे आहे, हे पाहण्यासाठी आपल्या लिपीच्या घडणीत थोडे शिरले पाहिजे. व्यंजने आणि त्यांची बाराखडी मिळून चारशेहून अधिक आकार होतात, त्यांवर जोडाक्षरांची भर निराळी; इंग्रजी मुलाला सव्वीस चिन्हे ओळखून पुस्तक उघडता येते, आपल्या मुलाला या अरण्यातून वाट काढण्यास दोन-तीन वर्षे लागतात. यावर उपाय म्हणून जुन्या शिरस्त्याने प्रथम काना-मात्रारहित शब्दांचेच पाठ देण्यात येतात. हा उपाय वरवर सयुक्तिक दिसतो, परंतु त्यात एक मोठा दोष आहे. काना, मात्रा, वेलांटी काहीच वापरायचे नाही असे ठरविले की मराठी क्रियापद आज्ञार्थाखेरीज दुसऱ्या रूपात उभेच राहत नाही: बस, चल, पळ, उठ, बघ. ‘बदक, जवळ बस. मगर, वर चढ.’ अशा धर्तीची वाक्ये मग मुलापुढे येतात. यात कोणी काही केले असे नाही, काही घडले असे नाही. केवळ हुकूम सुटत राहतात. एकटा काना हाती दिला की भूतकाळ मोकळा होतो: ‘ससा पळाला. दादा हसला. मामा आला.’ पळाला म्हटले की का पळाला हा प्रश्न मुलाच्या मनात उभा राहतो, आणि गोष्टीला आरंभ होतो. म्हणून आरंभीचे पुस्तक हाती घेताना शब्दसंख्या मोजण्यापूर्वी त्यातील क्रियापदे पाहावीत असे मी आग्रहाने सांगेन. क्रियापदांत भूतकाळ आणि वर्तमानकाळ असेल, कोणी काही केले आणि त्याचा काही परिणाम झाला असे दिसेल, तर ते पुस्तक वीस वाक्यांचे असले तरी घेण्याजोगे होय. अमेरिकेत जन्मलेल्या आणि फलटणला अनेक वर्षे राहून काम केलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेतर्फे मराठी वाचनाची जी पद्धती रुजविली, तीत अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने न शिकविता लहान गटांनी, आणि त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द होतील अशा रीतीने, शिकवली जातात. वाचनपुस्तकांच्या लेखकांनी हे तत्त्व मनावर घेतले असते तर कित्येक नीरस पुस्तिका छापल्याच गेल्या नसत्या.

परदेशातही हाच प्रश्न पडला होता. अमेरिकेतील प्राथमिक वाचनपुस्तके कंटाळवाणी झाल्याची ओरड १९५४ साली जॉन हर्सी या लेखकाने केली, आणि तिचे फलित म्हणून १९५७ साली डॉक्टर स्यूस यांचे टोपीवाल्या मांजराचे पुस्तक निघाले, ज्यात एकूण २३६ निरनिराळ्या शब्दांत संपूर्ण धमाल उभी केली आहे. योगायोगाने त्याच वर्षी दिल्लीत नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था जन्मास आल्या, आणि अल्प किमतीची सचित्र पुस्तके आपल्याकडील मुलांपर्यंत पोहोचविण्याचे कार्य त्यांनी केले.

आता चित्रपुस्तकांकडे वळू. चित्र हे मजकुराचे प्रतिबिंब असावे, ही आपल्याकडील रूढ समजूत. गोष्टीत ‘राजा सिंहासनावर बसला’ असे असेल तर चित्रात सिंहासनावर बसलेला राजा काढला की चित्रकाराची जबाबदारी संपली, असे मानले जाते. उत्तम चित्रपुस्तकात मजकूर जे सांगत नाही ते चित्र सांगते, आणि म्हणून अक्षरओळख नसलेले मूलही त्या पानावर मोठ्या माणसाच्या बरोबरीने, कधी त्याच्या पुढे, वाचन करीत असते. शाहपूरकडील केळी-बागाईतदाराच्या घरची एक मुलगी एक चित्रपुस्तक पाहत असता तिने एका पानावर बोट ठेवून ‘हे उलटं आहे’ असे ठामपणे सांगितले. चित्रात केळीचे झाड होते, त्याला लोंबणारा घड होता, आणि घडातील केळ्यांची टोके जमिनीकडे वळलेली होती. निसवलेल्या घडाचा दांडा खाली झुकतो, त्याच्या टोकाला जांभळे कमळ लोंबते, परंतु फण्यांतील केळी मात्र वाढता वाढता आकाशाकडे वळतात, हे तिने बांधावर उभे राहून शेकडो वेळा पाहिलेले होते. चित्रकाराने फळवाल्याच्या दुकानात टांगलेला घड पाहिला असावा. ही बाब क्षुल्लक समजू नये. ज्या मुलाने आपल्या अनुभवाशी पुस्तक ताडून पाहिले, त्याला पुस्तक हे तपासून पाहण्याचे, प्रश्न विचारण्याचे ठिकाण आहे याची जाणीव झाली. आणि ज्या पुस्तकातील केळ, माग, नदी, चूल बिनचूक असते, त्यावर मुलाचा विश्वास बसतो व अनोळखी गोष्टींबाबतही तो पुस्तकाचे म्हणणे ऐकून घेतो. बऱ्हाणपुरातील मुलाला यंत्रमागाचा खडखडाट पाळण्यापासून परिचित आहे. तथापि ज्यात माग हा मागासारखा दिसतो अशी चित्रपुस्तके अजून दुर्मिळच आहेत.

मराठीत चित्रपुस्तकाला स्वतंत्र प्रतिष्ठा प्राप्त करून देणाऱ्या लेखिका-चित्रकार म्हणून माधुरी पुरंदरे यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली त्यांची ‘राधाचं घर’ ही मालिका घरातल्या एकेका माणसाविषयीची लहान लहान पुस्तके आहेत; त्यांत उपदेश नाही, चमत्कार नाही, रोजचे घर आहे आणि त्या घराकडे मुलाच्या उंचीवरून पाहणारी दृष्टी आहे. चित्रकार आणि लेखिका एकच असल्यामुळे शब्दांनी कोठे थांबावे आणि रेषेने कोठे बोलावे याचा जो विवेक त्यांत आढळतो, तो दोन निरनिराळ्या हातांनी केलेल्या पुस्तकांत क्वचितच साधतो. त्यांचे ‘चित्रवाचन’ हे पुस्तक तर चित्रे पाहून मुलांनी बोलावे यासाठीच आहे, आणि भिन्न भाषांची मुले एका वर्गात असलेल्या बऱ्हाणपूरसारख्या ठिकाणी शिक्षकाला त्याचा उपयोग फार मोठा आहे, कारण तेच पान कोणी मराठीत, कोणी निमाडीत, कोणी कोरकूत सांगू शकतो. २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. मराठी घरात पहिली पाच चित्रपुस्तके घ्यावयाची असतील तर त्यांतील किमान दोन त्यांची असावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिंदी वाचनपुस्तकांची परिस्थिती तुलनेने समाधानकारक आहे, आणि आपण मध्यप्रदेशात आहोत याचा येथे लाभही होतो. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेने २००८ साली काढलेली ‘बरखा’ ही ४० पुस्तिकांची माला पाच कथाविषयांत आणि चार स्तरांत विभागलेली असून, पोळी फुगणे, केस विंचरणे, लपंडाव खेळणे अशा अगदी साध्या घटनांवर ती रचलेली आहे. पात्रे पुन्हा पुन्हा भेटतात, त्यामुळे दुसऱ्या स्तरावर आलेल्या मुलाला ओळखीचीच माणसे दिसतात. भोपाळच्या एकलव्य संस्थेची स्थापना १९८२ सालची, आणि तिचे ‘चकमक’ मासिक १९८५ पासून चालू आहे. त्याच शहरातून निघणारे ‘प्लूटो’ हे अगदी लहानांसाठी आहे. ही पुस्तके मराठी मुलाने निःसंकोच वाचावीत.

लिपी एक असली तरी काही ठिकाणी अडखळण्यास जागा आहे, याचा मात्र पालकांनी विचार केला पाहिजे. हिंदी पुस्तकांवर तयार झालेल्या मुलाला ‘ळ’ वर्गात भेटत नाही; ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे, जी महाराष्ट्र शासनाने २००९ साली निश्चित केली, ती त्याला अपरिचित असतात; च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार छापील अक्षरावरून कळत नाहीत; आणि आपल्या शहराच्या मराठी नावातील अर्धा र त्याने हिंदी पाटीवर कधी पाहिलेला नसतो. यांपैकी कोणतीही अडचण धड्यांनी सोडवावी लागत नाही. तेच मराठी चित्रपुस्तक आईने किंवा आजीने चार वेळा वाचून दाखविले की ‘चमचा’ आणि ‘चार’ यांतील फरक डोळ्यांच्या आधी कान शिकतो.

यासंबंधात एक जुनी गोष्ट स्मरते. मुलांसाठी रचलेले पहिले विख्यात चित्रपुस्तक म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते कोमेनियस या शिक्षणवेत्त्याचे १६५८ सालचे पुस्तक लॅटिन आणि जर्मन अशा दोन भाषांत होते; एक शाळेची, एक घरची, आणि दोहोंच्या वर एकच चित्र. हीच सोय आज प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे एकच सचित्र गोष्ट अनेकदा मराठी, हिंदी आणि उर्दूत मिळते, काही पुस्तके कोरकूतही आहेत, आणि ती छापून घेण्याची, वाटण्याची मुभा आहे. आज मराठीत ऐकलेली गोष्ट उद्या हिंदीत स्वतः वाचावयास दिली तर अर्थ आधीच ठाऊक असल्यामुळे मुलाची सर्व शक्ती अक्षरांकडे लागते. तथापि तेथील अनुवाद सारख्या तोलाचे नाहीत. काही मराठी अनुवादांत हिंदी वाक्यरचना जशीच्या तशी उतरलेली आढळते, म्हणून गोष्ट एकदा मोठ्याने वाचून, जीभ कोठे अडखळते ते पाहून मगच निवडावी.

स्तर, आकडे, पातळ्या यांविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण ‘असर’ अहवालानुसार २०१८ साली ५०.५ टक्के होते, महामारीनंतर २०२२ साली ते ४२.८ वर उतरले आणि २०२४ साली ४८.८ झाले. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने आणि आपल्या राज्यातील मिशन अंकुरने आरंभीच्या वाचनाकडे सरकारी यंत्रणेचे लक्ष वेधले, हे चांगलेच झाले. परंतु पुस्तकावर छापलेला स्तराचा आकडा हा दुकानातील सूचक आहे, मुलाचा दर्जा नव्हे. तिसरीतील मुलाने पहिल्या स्तराचे पुस्तक आनंदाने पुन्हा वाचले तर त्याला अडवू नये. आवडते पुस्तक दहाव्यांदा वाचणाऱ्या मुलाचा वेग आणि विश्वास दोन्ही वाढत असतात.

उर्दू आणि कोरकू मुलांचा प्रश्न तत्त्वतः हाच असला तरी त्याची मांडणी त्या भाषांच्या जाणकारांनी करावी हे उचित. एवढे मात्र खरे की उर्दू मुलाची लिपी शाळेच्या हिंदीहून निराळी असल्यामुळे त्याचे श्रम दुप्पट आहेत, आणि कोरकू मुलाची भाषाच निराळ्या कुळातील असल्यामुळे घरच्या भाषेतील चित्रपुस्तकाची गरज मराठी मुलापेक्षा त्याला अधिक आहे.

शेवटी कागद आणि कुलूप. याच जिल्ह्यातील नेपानगरचा कारखाना १९५६ साली पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केला आणि देशभरातील वृत्तपत्रांना त्याने कागद पुरविला. परंतु वृत्तपत्राच्या जातीचा पातळ कागद चित्रपुस्तकाला चालत नाही, मागच्या पानाची शाई पुढच्या चित्रातून दिसते. पुस्तक घेताना पान उजेडापुढे धरून पाहावे. तारेची टाचणी मारलेली पुस्तिका दोन पावसाळ्यांत गंजून सुटते, दोऱ्याने शिवलेली टिकते, म्हणून शाळेसाठी घेताना चार रुपये अधिक पडले तरी शिवलेली घ्यावी. आणि घेतल्यावर ती कपाटात बंद करू नये. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत अशी स्पष्ट तरतूद आहे. तरीही पुस्तक हरवले तर भरपाई कोणाकडून, या धास्तीने नोंदवहीत चढलेली पुस्तके कित्येक ठिकाणी कोरीच राहतात. फाटलेले पुस्तक हे वापरलेले पुस्तक आहे, ते वाजवी झिजेत दाखल करावे, असा लेखी आदेश शिक्षण खात्याने एकदा काढला तर शिक्षकांचे हात मोकळे होतील.

बऱ्हाणपूर, शाहपूर आणि नेपानगर येथील मराठी मंडळांनी, गणेशोत्सवाच्या वर्गणीतून का होईना, आपल्या भागातील एकेका प्राथमिक शाळेत मराठी चित्रपुस्तकांची एक उघडी फळी ठेवावी, आणि शनिवारी अर्धा तास तेथे जाऊन ती मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम घरातील आजी-आजोबांनी पत्करावे, अशी माझी विनंती आहे. वीस पुस्तकांनी प्रारंभ होऊ शकतो.